उकंडाजींचं निळं पाणी

उकंडाजी रंगारी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते माझ्या धाकट्या बहिणीचा परकर हातात घेऊन. आल्या आल्या त्यांनी जे विचारलं, त्यापायी माझ्या वडिलांनी त्यांना जवळजवळ हाकलूनच दिलं होतं.

"गनपतराव, हे लहानी पोट्टी लघवीले लई जाते का?"

ओसरीवर गावातली चार माणसं कापसाच्या गोष्टी करत बसली होती. अशा भरल्या ओसरीत कोणी आठ वर्षांच्या मुलीच्या लघवीची चौकशी करतं का? बाबांचा चेहरा लाल झाला.

"परकर तुमाले रंगवाले देला होता, का हुंगाले?" ते म्हणाले.

माणसं हसली. उकंडाजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी परकर उलटा केला आणि मागची बाजू उजेडाकडे धरली. "हे पांढरे डाग पाहा. सुकले का ताठ होतेत, अन् हाताले चिकट लागतेत. भिजवाच्या आधी दोरीवर टाकला होता. बाकीच्या कपड्याले एक मुंगी नाई, अन् ह्या एका परकराले रांग. मालेगावच्या म्हाताऱ्या देशमुखाच्या धोतराले असंच होत होतं. त्याले गोड लघवीचा आजार होता. म्हाताऱ्याचं मी समजू शकतो. लेकराच्या कपड्याले मुंग्या काहून लागाव्या?"

त्यांचा शेवटचा प्रश्न आत आईला ऐकू गेला असावा. माझी आई ओसरीवरच्या पुरुषांसमोर येत नसे. त्या दिवशी ती पदर सावरत दाराच्या चौकटीत आली आणि म्हणाली, "जाते. दिवसातून वीस डाव जाते. अन् पानी त घागरीनं पेते."

त्या दोन महिन्यांत सुमनच्या हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. वैद्यांनी सांगितलं होतं, अंगात उष्णता आहे. शेजारणीने सांगितलं होतं, दृष्ट लागली. आईने दोन्हींवरचे उपाय केले होते. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या आणि उष्णतेवर म्हणून रोज सकाळी खडीसाखर घातलेलं दूधही पाजलं होतं. त्या दुधाची आठवण आईला पुढे आयुष्यभर छळत राहिली. पण तिला सांगणार कोण होतं? आमच्या वाशीमकडच्या शिरपुरात तोपर्यंत कोणाही लेकराला हा आजार झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आईला बरोबर घेतलं, सुमनला गाडीत घालून मालेगावला नेलं आणि तिथून सर्व्हिस मोटारीने अकोल्याला. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती हाकेला ओ देईनाशी झाली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं. हे वाक्य बाबांनी घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. ते फक्त नाल्याकाठी गेले, उकंडाजींच्या रंगाच्या हौदापाशी थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. काय बोलले ते मला ठाऊक नाही.

उकंडाजी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले असतील. बुटका बांधा, कानावर पांढरे केस आणि दोन्ही हात कोपरापर्यंत कशाच्या ना कशाच्या रंगात बुडालेले. सोमवारी निळे दिसले तर गुरुवारी मेंदीच्या रंगाचे. कपडे मात्र अंगावर कायम पांढरे, साधं बिनरंगाचं मांजरपाट. कोणी विचारलं की म्हणायचे, "गिऱ्हाइकाचा रंग माह्या अंगावर कायले?" त्यांच्या आईची आधीची चार मुलं दगावली होती, म्हणून हा पाचवा झाल्यावर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्याला उकिरड्यावर, आमच्या बोलीत उकंड्यावर, ठेवून परत उचललं होतं आणि नावही तेच ठेवलं होतं. देवाला वाटावं की ही टाकाऊ वस्तू आहे आणि त्याने नजर फिरवावी, एवढाच त्यातला हिशेब. उकंडाजी ही गोष्ट मोठ्या खुशीने सांगत. "मी कचऱ्यातला माल हाव, बाप्पा. म्हनून टिकलो."

लिहायला-वाचायला येत नव्हतं, पण विचारायला येत होतं. एवढा निलाजरेपणाने प्रश्न विचारणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तलाठ्याला विचारत, पोस्टमनला विचारत, भांडण चाललं असेल तर दोघांना थांबवून भांडणाचं कारण विचारत. बाजारात माझ्या आईच्या कडेवरचं गाठोडं पाहून, "बाई, ह्यात काय हाय?" असं विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार इचारल्यानं जीभ झिजत नाही. आम्हाला त्यांची लाज वाटे आणि गंमतही वाटे. या खोडीवरच माझ्या बहिणीचा जीव टांगलेला असणार आहे, हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

अकोल्याहून सुमन परत आली तेव्हा तिच्या गालांना थोडा रंग आला होता. तिच्याबरोबर आली एक काचेची पिचकारी, दोन सुया, औषधाच्या लहान बाटल्या, निळ्या पाण्याची एक मोठी बाटली, काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि डॉक्टरांनी दिलेला एक छापील इंग्रजी कागद. रोज दोन वेळा सुई टोचायची, जन्मभर. सुई चुकली की पोरगी पुन्हा त्याच वाटेने जाणार. आणि लघवीचे आठ थेंब निळ्या पाण्यात घालून उकळायचे, रंग पाहायचा आणि त्यावरून औषध किती ते ठरवायचं. दवाखान्यातल्या नर्सने आईला हे सगळं एका सकाळी दाखवलं होतं. आईला त्यातलं अर्धं समजलं आणि उरलेल्या अर्ध्याची भीती वाटली.

गावाने सल्ले द्यायला सुरुवात केलीच. पोरीची जात, किती दिवस सुईवर ठेवाल? लग्न कसं होणार? एका नातेवाइकाने तर बाबांना सरळ सांगितलं, देवाने बोलावलं आहे तर जाऊ द्या. बाबा ऐकून घेत आणि गप्प बसत, आणि त्यांचं ते गप्प बसणं आईला सुईपेक्षा जास्त टोचे. मी अकरा वर्षांची होते, पण मला कळत होतं की आमच्या घरात एक गोष्ट ठरायची राहिली आहे, आणि ती सुमन जगणार की नाही ही आहे.

इंग्रजी कागदासाठी उकंडाजीच शाळेच्या मास्तरांना आमच्या घरी घेऊन आले. मास्तरांनी चष्मा लावून ओसरीवर तो आम्हाला वाचून दाखवला. त्यात पाव किती खावा ते लिहिलं होतं, बटाटा किती, मुरंबा अजिबात नाही. भाकरीचा पत्ता नव्हता. ज्वारी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी यांचं नाव नाही. आईने विचारलं, "अन् भाकर किती द्याची?" मास्तरांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

उकंडाजी उंबऱ्याशी उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "ह्या कागदानं साहेबाचं लेकरू जगन. आपल्याले असं लेकरू वाढवनारी माय शोधा लागते."

आणि ते शोधायला लागले. रंगवलेली लुगडी डोक्यावर घेऊन ते आठवड्याचे बाजार करत. आता प्रत्येक बाजारात कापड दाखवायच्या आधी त्यांचा एक प्रश्न असे, "तुमच्या गावात कोन्तं लेकरू सुईवर हाय का?" काही लोकांना वाटलं हे जडीबुटी विकायला लागले. काहींना वाटलं डोकं फिरलं. मालेगावच्या बाजारात एका बाईने आपल्या लेकराला पदराआड लपवलं, असं त्यांनीच हसत हसत सांगितलं. आमच्या शिरपूरला जैनांचं जुनं मंदिर आहे, तिथे दूरदूरचे यात्रेकरू येतात. उकंडाजी त्यांना धर्मशाळेच्या दारात गाठायचे. पुजाऱ्याने दोनदा दम दिला, पण यांची जीभ झिजली नाही. सहा-सात आठवडे असे गेले. तोवर आई नर्सने दाखवल्याप्रमाणे जमेल तशी सुई टोचत होती, सुमन किंचाळत होती आणि मी तिचे पाय धरून ठेवत होते.

शेवटी कारंजाच्या एका यात्रेकरूने सांगितलं की धनजला गोदाबाई म्हणून एक विधवा आहे, तिचा मुलगा चार वर्षांपासून सुईवर आहे.

"चार वर्षं," उकंडाजी आमच्या ओसरीवर येऊन म्हणाले. त्यांच्या आवाजात असा मान होता की जणू कोणी काशीहून पायी आल्याची बातमी सांगत आहेत. "गनपतराव, पोरगा जित्ता हाय. वखर हाकते म्हनतेत."

धनज आमच्यापासून जवळ नाही. बैलगाडी, मोटार, पुन्हा बैलगाडी असं करत आम्ही दोन दिवसांनी पोचलो. आई, सुमन, मी आणि उकंडाजी. बाबा आले नाहीत, पण गाडी त्यांनी स्वतः जुंपून दिली. गोदाबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. काळ्या, उंच, तुटक बोलणाऱ्या. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा. आम्ही बसलो असतानाच तो शेतातून आला, हातपाय धुतले, गोदाबाईंनी उकळून ठेवलेली पिचकारी घेतली, स्वतःच्याच मांडीत सुई खुपसली आणि भाकरी खायला बसला. हे सगळं त्याने चप्पल काढावी इतक्या सहज केलं. सुमनचे डोळे मोठे झाले. माझ्या आईला रडू फुटलं.

गोदाबाईंनी शेंगांवरची नजर काढली नाही. "रडाले घरी जागा हाय, बाई. इतकी दूर आली त पाहून घे."

आईने पदराने डोळे पुसले आणि पाहून घेतलं. आम्ही तिथे तीन दिवस राहिलो. भाकरी मोजायला गोदाबाईंनी पिठाचं एक लाकडी माप ठरवून टाकलं होतं. त्या मापाची भाकरी, एवढं वरण, भाजी हवी तेवढी. औषधाची बाटली पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरायची. सुई बोथट झाली की दगडावर तिला धार कशी लावायची ते दाखवलं. हात स्थिर व्हावा म्हणून आईला आधी वांग्यावर टोचायला लावलं, दोन दिवसांत घरातली सगळी वांगी संपली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, औषध जास्त झालं तर पोर घामाने भिजतं, चिडतं, बरळतं आणि पडतं. तेव्हा लगेच गालात गूळ. हे अकोल्यालाही सांगितलं असेल, पण इंग्रजी कागदातलं आणि गोदाबाईंच्या तोंडचं यात फरक होता. त्यांनी मुलाच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून गुळाचा खडा काढूनच दाखवला.

उकंडाजी या सगळ्यात एकाच गोष्टीपाशी अडले होते. ते नळी हातात घेऊन दाराच्या उजेडात बसले. "साखर नसली त निया. थोडी असली त हिरवा. मंग पिवया, मंग नारंगी, मंग इटेसारखा लाल. बरं. पन पिवया म्हंजे कोन्ता पिवया? हयदीचा का सोनचाफ्याचा?"

"पिवळा म्हंजे पिवळा," गोदाबाई म्हणाल्या.

"तुमाले असन, बाई. मले पन्नास पिवये मालूम हायेत."

घरी आल्यावर चार दिवसांत त्यांनी आईला पाच सुती दोरे आणून दिले, कडुलिंबाच्या काडीला ओळीने बांधलेले. निळा, हिरवा, पिवळा, नारंगी, विटकरी. नळीतल्या रंगांशी ते इतके तंतोतंत जुळत की आईला पुढे कधी कोणाला विचारावं लागलं नाही. नळी काडीशेजारी धरायची, रंग जुळवायचा, दवाखान्याच्या हिशेबाने दोऱ्याला बांधलेल्या गाठी मोजायच्या आणि पिचकारीवरच्या तेवढ्या रेघा औषध कमी-जास्त करायचं. त्यांची एकच ताकीद होती. ती परीक्षा उन्हाच्या उजेडात करायची. "दिव्यात रंग खोटं बोलते."

रोज सकाळी उकंडाजी नाल्याकडे जाता जाता आमच्या दारात थांबत. "आज कोन्ता?" आई आतून सांगे, "हिरवा." ते मान हलवत आणि पुढे जात. लाल असला की मात्र ते ओसरीवर बसत आणि सुमनची उलटतपासणी चाले. सुमन काही साधीसुधी पोर नव्हती. बोरांच्या दिवसांत ती शेजाऱ्यांच्या बांधावर सापडायची आणि देवळाबाहेरचा पेढेवाला तिला ओळखून होता. एकदा तर तिने हुशारीची कमालच केली. आदल्या दिवशी बारशाच्या घुगऱ्या आणि पेढे खाऊन झाले होते, म्हणून सकाळी तिने माझ्या हातात वाटी दिली आणि म्हणाली, ताई, आज तू. मी मूर्खासारखी कबूल झाले. नळी उकळली, निळीशार राहिली, आई खूश झाली.

उकंडाजी आले, त्यांनी नळी बघायला मागितली. उन्हात धरली, फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे सुमीचं नाई. ह्या पोट्टीच्या निळ्यात कायमच एक हिरवट झाक असते. हे मोठीचं हाय."

आईने मला फटका दिला आणि सुमनला दिला नाही, याचा मला अजून राग आहे. पण उकंडाजी ओसरीवर बसून पोट धरून हसत होते, आणि त्या वर्षभरात आमच्या घरात कोणी एवढं हसल्याचं मला आठवत नाही. मग त्यांनी सुमनला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मले फसवजो. तुह्या मायले फसवजो. पन त्या पान्याले फसवू नको, माय. ते तुह्याच बाजूनं हाय."

बाबाही बदलत गेले, पण एकदम नाही. एक दिवस तेच नातेवाईक पुन्हा आले आणि पुन्हा तोच विषय काढला. बाबा उठले, आतून दोऱ्यांची काडी घेऊन आले आणि त्यांच्यासमोर ठेवली. "हे पाच रंग पाठ करा, मंग बोला," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते नातेवाईक आले नाहीत आणि आम्ही बोलावलंही नाही.

मग जर्मनीशी मोठी लढाई सुरू झाली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून बाहेरून येणारा माल आटला. उकंडाजींचे डब्यातले जर्मन रंग बंद झाले, ते पुन्हा पळसफुलांकडे, कुसुंब्याकडे आणि हिराकसाकडे, जुन्या गावठी रंगांकडे, वळले. सुईचं औषध तुटक तुटक का होईना मिळत होतं. कधी आई एखादी बाटली धनजला पाठवी, कधी गोदाबाई पाठवत. पण निळं पाणी अकोल्यालाही मिळेना. त्या पाण्यावाचून आई आंधळी झाली. औषध किती द्यायचं ते अंदाजाने ठरवू लागली, भरलेली पिचकारी पुन्हा थोडी रिकामी करू लागली.

उकंडाजींनी उरलेल्या पाण्याचा एक थेंब नखावर घेतला, जिभेला लावला आणि थुंकले. "हे त मोरचूद हाय. कापडाचा रंग पक्का कराले मी जिंदगीभर वापरली. मोरचूद माह्या घरी, सोडा माह्या घरी." ते अकोल्याला गेले आणि दवाखान्याच्या कंपाउंडरला विचारलं की यात आणखी काय पडतं. कंपाउंडर घाईत होता. त्याने सांगितलं, लिंबाच्या आंबटापासून केलेलं एक मीठ असतं.

रंगाऱ्याला लिंबू काय नवीन होतं? कुसुंब्याचा रंग लिंबाच्या रसानेच खुलतो, तो रस ते पोरवयापासून पिळत आले होते. त्यांनी रस गाळून घेतला, सोडा घातला, ते फसफसलं, मग मोरचूद घातली. जुन्या पाण्याशेजारी धरलं तर दोन्ही रंग सारखे. स्वतःच्या कामावर एवढे खूश झालेले उकंडाजी मी कधी पाहिले नव्हते. बाटली आईच्या हातात देताना ते म्हणाले, "घ्या बाई. आता अकोला आपल्या नाल्यावर आलं."

पहिल्या दिवशी परीक्षा लाल आली. दुसऱ्या दिवशीही लाल. आईने सुमनला खोदून खोदून विचारलं, सुमन शपथा घेत होती की मी काही खाल्लं नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची झाली होती, चोरून खायचे दिवस मागे पडले होते. कोणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तिने पूर्वी इतक्यांदा फसवलं होतं की मीही ठेवला नाही. आईने काडीवरच्या गाठींप्रमाणे औषध वाढवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल, पुन्हा वाढवलं. भर दुपारी सुमन अंगणात तुरी पाखडता पाखडता बरळायला लागली आणि सुपावर आडवी झाली. अंग घामाने थबथबलेलं, दातखीळ बसलेली.

आईने बोटाने गाल ओढून आत गूळ भरला. चोळत राहिली, पुन्हा भरला. मी उकंडाजींना हाक मारायला धावले. ते हिरव्या हातांनी तसेच आले आणि दारातच थांबले. आत आले नाहीत. सुमनने डोळे उघडून "माय" म्हणेपर्यंत त्यांनी चौकट सोडली नाही.

मग ते आत आले. नळी घेतली, आपलं निळं पाणी घातलं, आणि सुमनच्या लघवीऐवजी आमच्या माठातल्या साध्या पाण्याचे आठ थेंब टाकले. दिव्यावर धरलं. नळी आधी हिरवी झाली, मग पिवळी, मग विटेसारखी लाल.

"पान्याले साखर असते का, बाई?" त्यांनी विचारलं. आयुष्यात त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी हा एकच असेल ज्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. साखर लिंबाच्या रसातलीच होती. माझी बहीण तीन दिवस खरं बोलत होती.

ते सुमनच्या अंथरुणापाशी गेले, खाली बसले आणि आपले हिरवे हात तिच्यासमोर जोडले. "चूक माही हाय, माय. तू खरी होती." म्हाताऱ्या माणसाने चौदा वर्षांच्या पोरीसमोर हात जोडलेले पाहून आईने तोंड फिरवलं. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, कारण माफी मलाही मागायची होती आणि मी मागितली नाही.

त्यानंतर चार दिवस सकाळी आमच्या दारात कोणी थांबलं नाही. नाल्यावर जाणाऱ्या बायांना, बाजारातल्या गिऱ्हाइकांना, जो भेटेल त्याला ते स्वतःच सांगत सुटले होते की मी गनपतरावची पोरगी मारत होतो. पाचव्या दिवशी आई सुमनला घेऊन नाल्यावर गेली. बाबांनी अडवलं नाही. उकंडाजी रिकाम्या हौदाच्या काठावर बसले होते.

"उकंडाजी," आई म्हणाली, "तुमी नाई इचारनार त कोन इचारनार? अकोल्याले जा. बरोबर इचारून या. अन् आजपासून आपन आधी साधं पानी तपासू, मंग पोरीचं."

ते गेले. या वेळी कंपाउंडरला घाई असूनही त्यांनी त्याला सोडलं नाही. तो जेवायला गेला तर त्याच्या घराबाहेर बसून राहिले. शेवटी पांढऱ्या मिठाची एक पुडी आणि मोरचूद, सोडा, मीठ यांचं वजनात प्रमाण घेऊनच आले. ते पाणी खरं निघालं. माठाच्या पाण्यात निळंच राहिलं. लढाई संपेपर्यंत शिरपूरच्या नाल्याकाठचं निळं पाणी आमच्या घरी, धनजला आणि नंतर आणखी दोन गावांतल्या दोन घरी जात राहिलं. ही घरंही त्यांनीच बाजारात विचारून विचारून शोधली होती. प्रत्येक बाटलीबरोबर निरोप एकच असे, आधी साधं पाणी तपासा. आणि देताना ते आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत, काही न गाळता. मी एकदा म्हटलं, आबाजी, आता पुरे झालं, लोकांना कशाला सांगता? ते म्हणाले, "चूक लपवली का दुसरा तेच करते. सांगतली का माह्यावरच संपते."

पुढे मी शिक्षिका झाले आणि वाशीमला राहायला गेले. सुमन घरीच राहिली. स्वतःची सुई स्वतः घेई, मापाची भाकरी खाई, आईवर अरेरावी करी. दहा वर्षं झाली होती तिला सुईवर. उकंडाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी धंदा पुतण्याच्या हाती दिला. रंग दिसत नाहीत असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. लोकांनीच ते ओळखलं, कारण एके दिवशी त्यांनी कोणाच्या लुगड्याविषयी काही विचारलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका उन्हाळ्याच्या सुट्टीत. सकाळची वेळ होती. काठी टेकत ते आमच्या अंगणात आले, आणि त्यांच्या मागे मेहकरकडची एक तरुण बाई, कडेवर पाच-सहा वर्षांचा मुलगा. मुलगा इतका वाळलेला होता की आईने पाहिलं मात्र आणि हातातलं काम खाली ठेवलं. ती बाई तीन गावं विचारत आली होती. डॉक्टरांनी सुई सुरू केली होती. तिचा नवरा म्हणत होता, हे असं किती दिवस चालणार. ती मुलाला घट्ट धरून उभी होती.

सुमन पाणी भरून मागच्या दाराने आली आणि तुळशीजवळ थांबली. उकंडाजींना तिची चाहूल लागली असावी, पण ती कुठे उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे करून गोठ्याच्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"हे पाह्य, बाई," ते त्या बाईला म्हणाले. "हे आमची सुमी. दहा वर्षं झाले सुईवर हाय. हे पाह्य, कशी हाय ते."

ती बाई गोंधळून भिंतीकडे पाहू लागली. आईने काही बोलायला तोंड उघडलं, पण सुमनने तिला हाताने थांबवलं. तिने घागर खाली ठेवली, पावलांचा आवाज न करता अंगण ओलांडलं आणि उकंडाजींच्या बोटासमोर जाऊन उभी राहिली.